मदुरेचे अरविंद नेत्ररुग्णालय

आपल्या देशात धर्मार्थ कार्याची वाण कधीच नव्हती. वाटसरूसाठी धर्मशाळा, तहानेल्यासाठी पाणपोई, भुकेल्यासाठी अन्नछत्र, यात्रेकरूसाठी नदीचा घाट, असे दानाचे नानाविध प्रकार आपल्या पूर्वजांनी रूढ केले व पुष्कळसे टिकवूनही दाखविले. परंतु रुग्णालय हा या सर्वांहून निराळा प्रकार आहे. विहीर एकदा खणली की पिढ्यान्पिढ्या पाणी देते. धर्मशाळा एकदा बांधली की झाडलोट करणारा एखादा माणूस पुरतो. रुग्णालयाच्या भिंती मात्र कोणाही रोग्यास बरे करीत नाहीत. तेथे रोज सकाळी कुशल हात हजर असावे लागतात, रोज औषध लागते, रोज उकळलेली शस्त्रे लागतात, आणि हे सारे ज्या पैशावर चालावयाचे तो पैसाही रोजच लागतो. म्हणूनच आपल्याकडील कित्येक धर्मार्थ दवाखान्यांचा इतिहास एकाच साच्यातून काढल्यासारखा दिसतो. संस्थापकाची तळमळ, थाटाचा उद्घाटनसमारंभ, संगमरवरी शिळेवर कोरलेली देणगीदारांची नावे, पंधरा-वीस वर्षांचा उमेदीचा काळ, आणि पुढे संस्थापक थकला की हळूहळू ओसरत जाणारी वर्दळ. शेवटी शिळा तेवढी राहते.

या साच्यात न बसणारी एक संस्था दक्षिणेत मदुरा शहरी आहे. १९७६ साली एका राहत्या घरात अवघ्या ११ खाटांनिशी सुरू झालेले अरविंद नेत्ररुग्णालय आज अनेक शहरांत पसरले असून तेथे वर्षास काही लक्ष शस्त्रक्रिया होतात. त्यांपैकी निम्म्याच्या आसपास रोग्यांकडून एक पैसाही घेतला जात नाही, किंवा नाममात्रच घेतला जातो. आणि तरीही ही संस्था रोजच्या खर्चासाठी कोणापुढे झोळी पसरत नाही. हे कसे घडले, याविषयी पुष्कळ भाविकपणाने बोलले जाते. संस्थापक साधुवृत्तीचा होता, एवढे सांगितले की लोकांचे समाधान होते. आम्हांस हे उत्तर अपुरे वाटते. साधुवृत्तीचे वैद्य आपल्या देशात थोडे झाले नाहीत; त्यांच्या पश्चात वाढत गेलेल्या संस्था मात्र थोड्या आहेत. मदुरेच्या या संस्थेने दयेस हिशेबाची जोड दिली, आणि तो हिशेब गरिबाच्या बाजूने मांडला, हे तिच्या उत्कर्षाचे खरे कारण होय, असे आमचे मत आहे.

प्रथम रोगाविषयी थोडे सांगितले पाहिजे. डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असते. उतारवयात ते हळूहळू गढूळ होत जाते व प्रकाशाची वाट अडते. यासच आपण मोतीबिंदू म्हणतो. कोणत्याही अंजनाने वा थेंबांनी तो उतरत नाही. गढूळ झालेले भिंग दूर करणे हा त्यावरील एकच उपाय. हा उपाय फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाश या नावाखाली, डोळ्यात शलाका घालून दोष नजरेच्या मार्गातून बाजूस सारण्याची क्रिया वर्णिलेली आहे. १७४७ साली जाक दाव्हिएल या फ्रेंच शस्त्रवैद्याने भिंग नुसते बाजूस न सारता डोळ्याबाहेर काढण्याची रीत घालून दिली. पुढे इंग्रजी अमदानीत पंजाबात हेन्री स्मिथ या लष्करी शस्त्रवैद्याने जालंदर व अमृतसर येथे हजारो मोतीबिंदू काढून मोठी ख्याती मिळविली. सारांश, विद्येची वाण नव्हती.

असे असूनही १९८६ ते १९८९ या काळात देशभर झालेल्या पाहणीत शेकडा १.४९ लोक अंध आढळले, आणि त्यांच्यापैकी शेकडा ८० जणांच्या अंधत्वाचे कारण मोतीबिंदू हेच होते. म्हणजे आंधळे म्हणून जगणाऱ्या दर पाच माणसांपैकी चौघांची दृष्टी परत मिळण्याजोगी होती. उपाय ठाऊक होता, वैद्य होते, शहरांत रुग्णालयेही होती. पण रोगी खेड्यात आणि उपाय शहरात, अशी ही ताटातूट होती. शेतकऱ्याच्या वा मजुराच्या घरी एक माणूस आंधळा झाला म्हणजे काय होते, याची कल्पना पांढरपेशा वाचकांस सहसा नसते. त्या माणसाची मजुरी बुडते हे तर उघडच आहे. त्याखेरीज त्याचा हात धरण्यासाठी दुसरे एक माणूस अडकून पडते, मग ती सून असो की नातू. ज्याचे जळते त्यालाच कळते, अशातला हा प्रकार आहे.

या ताटातुटीवर ज्याने आपले आयुष्य खर्ची घातले त्या गोविंदप्पा वेंकटस्वामी यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१८ रोजी तामिळ प्रांतातील वडमलापुरम या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. मदुरेच्या अमेरिकन कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन ते पदवीधर झाले व १९४४ साली मद्रासच्या स्टॅन्ले वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडले. नात्यातील तरुण बहिणी बाळंतपणात दगावल्याचे त्यांनी पाहिले होते. म्हणून प्रसूतिशास्त्रात पडावयाचे त्यांच्या मनात होते. शिक्षण संपताच ते लष्कराच्या वैद्यकीय खात्यात गेले. पण संधिवाताने त्यांस असे काही घेरले की १९४८ साली नोकरी सोडावी लागली. दीर्घकाळ ते अंथरुणास खिळून होते. उठून चालू लागले तेव्हा हातांची बोटे कायमची वाकडी झालेली होती. अशा हातांनी प्रसूतिशास्त्र साधणारे नव्हते. त्यांनी नेत्रवैद्यक पत्करले, आपल्या वाकड्या बोटांत बसतील अशी शस्त्रे करवून घेतली, आणि ती धरण्याचा अभ्यास नव्याने केला. या हातांनी त्यांनी आयुष्यात एक लक्षाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या.

१९५६ साली ते मदुरेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभागाचे प्रमुख झाले. पुढील वीस वर्षे त्यांनी सरकारी चाकरीत काढली. या काळाकडे चरित्रकारांचे दुर्लक्ष होण्याचा संभव आहे, कारण संस्था निघाली ती त्यानंतर. परंतु आमच्या मते संस्थेचा पाया याच वीस वर्षांत घातला गेला. रोगी रुग्णालयात येत नाही, तर रुग्णालयाने रोग्याकडे गेले पाहिजे, या विचाराने त्यांनी १९६० नंतर खेडोपाडी नेत्रशिबिरे भरविण्यास आरंभ केला. गावची शाळा वा देवळाचे आवार मोकळे करून घ्यावे, तेथेच तपासणी व तेथेच शस्त्रक्रिया करावी, असा तो परिपाठ होता. महाराष्ट्रातील वडीलधाऱ्या वाचकांस अशी शिबिरे आठवत असतील. या शिबिरांनी वेंकटस्वामींस दोन गोष्टी शिकविल्या. एक, नेत्रवैद्याचा बराचसा वेळ शस्त्रक्रियेत जात नसून तिच्या आधीच्या व नंतरच्या किरकोळ कामांत जातो. दुसरी, शेकडो माणसे एका दिवसात तपासावयाची तर प्रत्येक कामाचा क्रम आधीच ठरलेला असला पाहिजे. १९७३ साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली.

१९७६ साली ते सेवानिवृत्त झाले. त्याच वर्षी भारत सरकारने अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. निवृत्त प्राध्यापक नातवंडांत रमतो किंवा खाजगी दवाखाना थाटून चार पैसे गाठीस बांधतो. वेंकटस्वामी अविवाहित होते. धाकट्या भावंडांची शिक्षणे त्यांनी पार पाडली होती. आता त्याच भावंडांस हाताशी धरून त्यांनी विश्वस्तनिधी स्थापला व ११ खाटांचे रुग्णालय उघडले. भाऊ श्रीनिवासन यांनी बांधकाम व पैशाची बाजू सांभाळली. बहीण डॉ. नाच्चियार व तिचे पती डॉ. नंपेरुमाळस्वामी हे दोघेही नेत्रवैद्य. त्यांनी शस्त्रक्रियागृह सांभाळले. पैसा उभा करण्यासाठी घर गहाण पडले, घरच्या स्त्रियांचे दागिनेही गहाण पडले. संस्थेस नाव दिले ते श्रीअरविंदांचे, कारण वेंकटस्वामी त्यांचे निष्ठावंत अनुयायी होते. हे श्रीअरविंद म्हणजे १८९३ ते १९०६ या काळात बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या चाकरीत असलेले अरविंद घोष होत, हे मराठी वाचकांस सांगावयास नको.

पुढील वाढीचा क्रम पाहण्यासारखा आहे. १९७७ साली ३० खाटांची भर पडली. १९७८ साली विनामूल्य रोग्यांसाठी ७० खाटांचे निराळे रुग्णालय झाले. १९८१ साली २५० खाटांची मुख्य इमारत उभी राहिली, व १९८४ साली ३५० खाटांचे मोठे विनामूल्य रुग्णालय उघडले गेले. नंतर तेणी येथे १९८५ साली, तिरुनेलवेली येथे १९८८ साली, कोइमतूर येथे १९९७ साली व पाँडिचेरी येथे २००३ साली शाखा निघाल्या. मुख्य इमारतीचे मजले एकदम चढले नाहीत. फी देणाऱ्या रोग्यांकडून शिल्लक पडे तसतसे बांधकाम पुढे सरके. ‘घर पाहावे बांधून’ ही म्हण या कुटुंबाने पुरेपूर अनुभवली असली पाहिजे. परंतु या सावकाशीतच एक शिस्त होती. देणगीच्या भरवशावर इमला उठवावयाचा आणि मग तो चालविण्यासाठी दाही दिशा हिंडावयाचे, ही आपल्याकडील नेहमीची तऱ्हा. येथे आधी मिळकत व मग मजला.

ही मिळकत कोठून आली, हा कळीचा प्रश्न आहे. रुग्णालयाची दारे दोन. एका दाराने येणारा रोगी ठरलेली फी देतो, व खोली, खाट, एकांत यांच्या दर्जाप्रमाणे अधिक रक्कमही देतो. दुसऱ्या दाराने येणाऱ्यास काही द्यावे लागत नाही. त्यास समाईक दालनात जमिनीवर चटई मिळते. कोणत्या दाराने जावयाचे हे रोग्याने स्वतः ठरवावयाचे. त्याचे उत्पन्न किती, जमीन किती, मुलगा नोकरीस आहे की नाही, अशी चौकशी कोणी करीत नाही. दाखला मागितला जात नाही. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर मात्र दोन्हीकडे तेच; पाळीपाळीने ते या विभागातून त्या विभागात जातात. सुखसोयींत भेद आहे, पण डोळ्यावर चालणाऱ्या शस्त्रात नाही.

या योजनेवर विचार करता आम्हांस दोन गोष्टी विशेष वाटल्या. आपल्या धर्मार्थ संस्थांत गरिबीचा पुरावा द्यावा लागतो, आणि पुरावा देताना गरिबाची मान खाली जाते. ज्याच्यापाशी कागदपत्र करून देणारा ओळखीचा माणूस आहे तो आत शिरतो. खरा निराधार बाहेर राहतो. मदुरेस ही चौकशीच काढून टाकली. काही सुस्थित लोक फुकट उपचार करून घेतील, हे धरूनच चालले. चटईवर निजण्याची ज्याची तयारी आहे त्यास निजू द्यावे, एवढाच तेथील न्याय. दुसरी गोष्ट अशी की, फी देणारा रोगी येथे दाता म्हणून मिरवत नाही. त्याने आपल्या डोळ्याचे पैसे दिले, आणि त्यातून दुसऱ्या कोणाचा डोळा उघडला. पण उपकार करणारा व उपकृत होणारा यांची गाठ पडत नाही. असे अबोल दान आम्हांस अधिक सात्त्विक वाटते.

परंतु एवढ्याने भागले नसते. फी इतरांहून चढी ठेवली तर फी देणारे रोगी अन्यत्र जातील; बेताची ठेवली तर शिल्लक ती काय पडणार? यावर उपाय एकच, तो म्हणजे दर शस्त्रक्रियेमागचा खर्च खाली आणणे. वेंकटस्वामींनी अमेरिकेत मॅक्डोनल्ड कंपनीची खाद्यगृहे पाहिली. कोठेही जा, पदार्थ तोच, चव तीच, किंमत बेताची, आणि तो करणारी माणसे साधीच पण पढविलेली. एखाद्या खाद्यपदार्थाविषयी हे साधते तर दृष्टीविषयी का साधू नये, असा प्रश्न ते पुढे अनेकांस विचारीत. एका साधकाने नेत्रदानाचा धडा खानावळीपासून घ्यावा, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण त्यांनी घेतला तो धडा नफ्याचा नव्हे, क्रमाचा.

शस्त्रक्रियागृहात एका शस्त्रवैद्यापुढे दोन टेबले असतात. एकावर शस्त्रक्रिया चालू असता दुसऱ्यावर पुढील रोगी तयार करून ठेवलेला असतो. पहिले काम संपले की शस्त्रवैद्य वळतो व दुसरे हाती घेतो. मधला वेळ वाया जात नाही. नजर तपासणे, रक्तदाब पाहणे, डोळा स्वच्छ करणे, शस्त्रे हाती देणे, रोग्याची समजूत घालणे ही सारी कामे परिचारिका करतात. या परिचारिका बहुतेक खेड्यांतील शेतकरी कुटुंबांतून आलेल्या मुली. शालेय शिक्षण संपलेल्या मुली निवडून त्यांस दोन वर्षे शिकविले जाते. ही व्यवस्था मुख्यतः डॉ. नाच्चियार यांनी उभारली. परिणाम असा की येथील एकेक शस्त्रवैद्य वर्षास सुमारे दोन हजार शस्त्रक्रिया करतो. देशातील सर्वसाधारण प्रमाणाच्या हे कित्येक पट आहे.

एवढ्या घाईत हयगय होत नसेल काय, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत सर्वांत मोठे भय आत जंतूंचा शिरकाव होण्याचे. याविषयी संस्थेने आपले आकडे झाकून ठेवले नाहीत. २०१७ साली सुमारे सहा लक्ष शस्त्रक्रियांचा आढावा प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या अखेरीस डोळ्यात एक जंतुनाशक औषध घालण्याचा परिपाठ ठेवल्यावर हा उपद्रव दहा हजारांत ७ वरून २ वर आला, असे त्यात दिसून आले. जो हात एकच काम रोज करतो तो त्यात वाकबगार होतो, आणि जी संस्था प्रत्येक चुकीची नोंद ठेवते तिच्या चुका कमी होतात, हेच यावरून सिद्ध होते.

आता या इतिहासातील आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटलेल्या भागाकडे वळू. शस्त्रक्रिया फुकट केली, शिबिर गावाजवळ नेले, तरी लोक येत ना. हे पाहून एखाद्या दात्याने ‘लोकच अडाणी, त्यांस आपले हित कळत नाही’ असे म्हणून हात झटकले असते. आपल्या सुशिक्षित समाजात हे वाक्य किती सहज उच्चारले जाते! मदुरेच्या मंडळींनी मात्र कारणे शोधावयास घेतली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरनिराळ्या खेड्यांत निरनिराळे उपाय करून पाहिले गेले. जेथे प्रवास व जेवणाचाही खर्च उचलला गेला तेथे शस्त्रक्रियेस राजी होणारे अधिक निघाले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तर असे आढळले की, डोळ्यांची तक्रार असलेल्या ग्रामस्थांपैकी शेकडा सातदेखील शिबिरापर्यंत पोहोचत नव्हते. कारणे विचारता भीती, खर्च व घरची जबाबदारी ही पुढे आली. म्हातारीस शहरात न्यावयाचे तर मोटारीचे भाडे हवे. सोबत मुलगा हवा, म्हणजे त्याची मजुरी बुडाली. तेथे दोन दिवस खावयाचे काय? फुकट शस्त्रक्रिया गरिबास फुकट पडत नव्हती. हा हिशेब दात्याच्या वहीत कोठेच लिहिलेला नव्हता, कारण तो खर्च दाता करीत नव्हता.

यातून शिबिरांचे रूप पालटले. गावच्या आवारात शस्त्रक्रिया करणे बंद झाले. शिबिरात केवळ तपासणी व्हावी, ज्यांस शस्त्रक्रिया हवी त्यांस त्याच दिवशी मोटारीत बसवून रुग्णालयात न्यावे, तेथे जेवू घालावे, आणि काम होताच परत गावी पोहोचवावे, असा परिपाठ पडला. शिबिराची दवंडी पिटणे, जागा व इतर खर्च यांचा भार त्या त्या गावच्या व्यापारी मंडळींनी, देवस्थानांनी वा सेवामंडळांनी उचलावयाचा. एकट्याने परगावी जाण्याची भीतीही यामुळे ओसरली, कारण आता जाणारे सारे एकाच पंचक्रोशीतील असत. तरीही शिबिर वर्षातून एखादेच. मधल्या काळात काय? म्हणून २००४ पासून संस्थेने खेड्यांत लहान लहान कायम दृष्टिकेंद्रे उघडली. तेथे पढविलेली परिचारिका डोळा तपासते आणि शहरातील डॉक्टर दूरचित्राच्या साहाय्याने रोग्याशी बोलतो. अशी केंद्रे आता शंभराच्या वर आहेत. प्रत्येक पावलागणिक प्रश्न तोच होता की, रोग्यास येथवर येण्यास काय पडते?

भिंगाची कथाही अशीच आहे. गढूळ भिंग काढल्यावर डोळ्यास भिंगच उरत नाही, म्हणून रोग्यास बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावावा लागे. मागल्या पिढीतील आजीआजोबांचे असे चष्मे पुष्कळांनी पाहिले असतील. चष्मा फुटला वा हरवला की माणूस पुनः आंधळा. १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली या नेत्रवैद्याने डोळ्याच्या आतच कृत्रिम भिंग बसविले. युद्धातील वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पारदर्शक आवरणाचे कण रुतून राहिले तरी डोळा बिघडत नाही, या निरीक्षणावरून त्यांस ही कल्पना सुचली. पुढे ही रीत श्रीमंत देशांत सर्वत्र रूढ झाली. पण भिंगाची किंमत शंभर डॉलरांच्या आसपास. गरीब देशांत एवढे महाग भिंग वापरू नये, तेवढ्याच पैशात अनेकांस चष्मे देता येतील, असे म्हणणारे विद्वान व देणगीदार त्या काळी बरेच होते. युक्तिवाद वरवर हिशेबी होता. त्याचा अर्थ मात्र असा की श्रीमंताने डोळ्यात भिंग घालावे आणि गरिबाने नाकावर. मदुरेच्या संस्थेने हा हिशेब मान्य केला नाही. तिने भिंगाची किंमतच उतरविण्याचे मनावर घेतले आणि १९९२ साली ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढला. तेथील भिंग प्रारंभीच सुमारे दहा डॉलरांस मिळू लागले व पुढे आणखी उतरले. आज ही भिंगे शंभराहून अधिक देशांत जातात.

या संस्थेविषयी सर्वच आलबेल आहे असे म्हणणे इतिहासलेखकास शोभणार नाही. एकाच छत्राखाली एकास खाट व दुसऱ्यास चटई, ही व्यवस्था समतेच्या काटेकोर कल्पनेत बसत नाही. खेड्यातील मुलींच्या श्रमावर खर्चाची काटकसर उभी आहे. त्या श्रमाचा मोबदला पुरेसा आहे काय, हे विचारण्याचा अधिकार कोणासही आहे. त्या मुलींस कसब, स्वतःची मिळकत व घराबाहेरचे जग ही मिळाली, हे उत्तर खरे असले तरी त्याने प्रश्न समूळ नाहीसा होत नाही. शिवाय मोतीबिंदूचे काम एकसारखे व वारंवार येणारे आहे. म्हणून त्यास असा क्रम लावता आला. हृदयाच्या किंवा मेंदूच्या रोगांस हीच रीत जशीच्या तशी लागू पडेल, असे समजणे भोळेपणाचे होईल. आणि एका कुटुंबातील इतकी माणसे एकाच कार्यास वाहून घेतील, हा योग सर्वत्र जुळून येत नाही.

मग अनुकरणीय ते काय? याचे उत्तर संस्थेने स्वतःच्या आचरणाने दिले आहे. १९९२ साली लायन्स मंडळाच्या साहाय्याने तिने एक शिक्षणसंस्था काढली व आपली रीत इतर रुग्णालयांस शिकविण्यास प्रारंभ केला. देशातील व परदेशांतील शेकडो रुग्णालयांची माणसे तेथे येऊन टेबलांची मांडणी, नोंदवह्या, खर्चाचा मेळ हे सारे पाहून गेली आहेत. व्यापारी आपली युक्ती झाकून ठेवतो. येथे ती मागेल त्यास दिली जाते. १९९३ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यापारशिक्षण शाखेनेही या संस्थेचा अभ्यास विद्यार्थ्यांपुढे ठेवला, आणि ज्याने खानावळीपासून धडा घेतला त्याच्यापासून धडा घेण्याची पाळी व्यापाऱ्यांवर आली.

वेंकटस्वामी ७ जुलै २००६ रोजी वारले. अशा प्रसंगी आपल्याकडील संस्थांची जी अवस्था होते ती येथे झाली नाही. २००८ साली गेट्स प्रतिष्ठानचे व २०१० साली हिल्टन प्रतिष्ठानचे पारितोषिक संस्थेस मिळाले. २०१७ साली चेन्नई येथे व २०१९ साली तिरुपती येथे नवी रुग्णालये निघाली. संस्थापकाच्या वाकड्या बोटांतील कसब त्याच्याबरोबर गेले, परंतु दोन टेबलांमधील अंतर, परिचारिकेचे शिक्षण, रोग्याच्या गाडीभाड्याची तरतूद आणि रोजची नोंदवही या गोष्टी मागे राहिल्या. संस्था टिकवितात त्या याच गोष्टी. महाराष्ट्रात नव्या संस्था काढणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी शिळेवरील नावांपेक्षा यांची चिंता आधी करावी, अशी आमची विनंती आहे.

कार्य अद्याप पुरे झालेले नाही. २०१५ ते २०१९ या काळातील देशव्यापी पाहणीत अंधत्वाचे प्रमाण शेकडा ०.३६ पर्यंत उतरलेले दिसले, ही मोठीच प्रगती आहे. पण पन्नाशी उलटलेल्या अंधांपैकी शेकडा ६६ जणांच्या अंधत्वाचे कारण अजूनही मोतीबिंदू हेच आहे. म्हणजे तिघांतील दोघांस आजही परत दिसू शकेल. त्यांच्या गावापासून जवळच्या नेत्ररुग्णालयापर्यंतचे भाडे किती, आणि ते कोण देणार, हा प्रश्न प्रत्येक जिल्ह्यात कोणीतरी विचारावयास हवा आहे.